दीडशे माणसं बसवून कशी ठेवायची?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर सहकारी संस्थांची दप्तरं तपासली. वहीत न दिसणारा खर्च हुडकून काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असं निमंत्रण द्यायला आलेल्या कार्यकर्त्यांनी मला सांगितलं. म्हणून हा विषय घ्यायचं धाडस केलं. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातला सगळ्यात मोठा खर्च असाच कुठल्याही वहीत लागत नाही.

विषय कोरडा वाटेल. पण सातबाऱ्याचा उतारा काढायला गेल्यावर ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस या सभागृहात सापडणं कठीण. बँकेचं ॲप ऐन एक तारखेला बंद पडतं, परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरता येत नाही. आपण म्हणतो, कंप्युटर बिघडला. कंप्युटर बिचारा क्वचितच बिघडतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एखाद्या बैठकीत कोणीतरी घेतलेला निर्णय त्या दिवशी वर आलेला असतो. आज मी बराच वेळ अशाच एका बैठकीबद्दल बोलणार आहे. ती १९६०च्या दशकात अमेरिकेत, आयबीएम कंपनीत झाली आणि तिच्यात तीनच माणसं होती.

थोडी पार्श्वभूमी. तोवर आयबीएमची लहानमोठी यंत्रं एकमेकांशी जुळत नसत. लहान यंत्रावर लिहिलेला प्रोग्राम मोठ्या यंत्रावर चालायचा नाही. गिऱ्हाइकाचा धंदा वाढला, त्यानं मोठं यंत्र घेतलं, की सगळे प्रोग्राम नव्यानं लिहायचे. कंपनीनं ठरवलं की धाकट्या यंत्रापासून थोरल्यापर्यंत एकच घराणं करायचं. ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर झाली. या सगळ्या उद्योगावर पाच अब्ज डॉलर लागले असा आकडा त्या काळी छापून आला. थोडक्यात, कंपनी पणाला लागली होती. यंत्राचा आराखडा करणाऱ्यांत जीन ॲमडाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेड ब्रुक्स ही तीन नावं प्रमुख. ब्रुक्स १९३१ सालचे, म्हणजे तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेली. यंत्राचं काम मार्गी लागल्यावर त्या यंत्रावर चालायची कार्यप्रणाली, ओएस/३६०, त्यांच्याकडे सोपवण्यात आली.

यंत्र उत्तम निघालं. कार्यप्रणाली उशिरा आली, ठरल्यापेक्षा जास्त मेमरी खाऊ लागली, खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला आणि पहिल्या काही आवृत्त्या धड चालेनात. १९६३ ते १९६६ या काळात तिच्यावर सुमारे पाच हजार मनुष्यवर्षं खर्ची पडली. ऐन गर्दीच्या दिवसांत हजारावर माणसं कामाला होती. ब्रुक्स पुढे चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले, तिथे कंप्युटर सायन्सचा विभाग उभा केला. पण आयबीएमचे प्रमुख टॉम वॉटसन यांनी त्यांना खोदून खोदून विचारलेला एक प्रश्न त्यांच्या मागे राहिला होता: प्रोग्रामिंगचं काम आटोक्यात ठेवणं एवढं अवघड का? त्याचं उत्तर त्यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात दिलं. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसं घातली की उशीर आणखी वाढतो, हा त्यातला सिद्धान्त ‘ब्रुक्सचा नियम’ म्हणून सगळ्यांना पाठ आहे. त्यासोबतचं गर्भारपणाचं उदाहरण, कितीही बायका लावल्या तरी मूल नऊ महिन्यांनीच होतं हे, इतकं वापरून झालं आहे की मी ते सोडून देतो. मला त्या पुस्तकातला दुसरा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. नियमाइतकं नाव त्याला मिळालं नाही, कारण तो पोस्टरवर मावत नाही.

रात्रीची वेळ. ब्रुक्स, आराखडा विभागाचा प्रमुख आणि प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिणाऱ्या विभागाचा प्रमुख असे तिघे बसले आहेत. प्रश्न असा की कार्यप्रणाली बाहेरून कशी दिसेल, वापरणाऱ्याला काय देईल, याचा तपशीलवार मसुदा लिहायचा कोणी? आराखडावाला म्हणतो, माझ्याकडे दहा चांगली माणसं आहेत, आम्ही लिहू आणि नीट लिहू. मात्र दहा महिने लागतील. वेळापत्रकात सातच आहेत. दुसरा म्हणतो, माझ्याकडे दीडशे माणसं आहेत. आम्ही लिहितो, आराखडावाल्यांनी फक्त सुसूत्रता पाहावी. काम चांगलं होईल, व्यवहारी होईल आणि वेळेत होईल. वर तो असंही विचारतो, की या दहा जणांनीच लिहायचं म्हटलं तर माझ्या दीडशे माणसांनी दहा महिने माशा मारत बसायचं का?

आराखडावाल्यानं उत्तर दिलं: त्यांना काम दिलंत तरी ते वेळेत होणार नाही. तेही तीन महिने उशिराच होईल आणि वर प्रत बरीच हलकी निघेल. ब्रुक्सनी काम दीडशे माणसांना दिलं. तीन महिने उशीर झाला आणि प्रतही हलकी निघाली. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. इतकंच नाही, सगळ्या प्रणालीला एकसंधपणा न राहिल्यामुळे ती बांधणं आणि पुढे तिच्यात बदल करणं फार महागात पडलं. नुसत्या चुका शोधण्याच्या कामातच वर्षभराची भर पडली असावी, असा अंदाज खुद्द ब्रुक्सनी लिहून ठेवला आहे.

या प्रसंगात मूर्ख कोणी नाही, हे लक्षात घ्या. दीडशे माणसांच्या प्रमुखाचं म्हणणं ऐकायला अगदी रास्त वाटतं. पगार चालू आहेत, माणसं हुशार आहेत, हाताला काम नाही. अशा वेळी त्यांना काम देणं हेच कोणत्याही शहाण्या व्यवस्थापकाला सुचेल. गोम अशी की कामाला किती माणसं लागतात हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. माणसं आधी गोळा झाली होती, आता त्यांना पुरेल असं काम शोधायचं होतं. आराखडा कोणी करायचा याचा निकाल हजेरीपटानं लावला.

दहाऐवजी दीडशे डोकी बसवल्यानं नेमकं बिघडतं काय? आधी साधं गणित पाहू. दहा माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात पंचेचाळीस. दीडशे माणसांत होतात अकरा हजार एकशे पंच्याहत्तर. प्रत्येक जोडी रोज बोलत नाही हे खरं, पण यातल्या नेमक्या कोणत्या जोड्यांनी बोलायला हवं होतं हे बहुधा प्रकल्प फसल्यावरच कळतं. गणिताहून वाईट गोष्ट पुढे आहे. आराखडा म्हणजे शेकडो लहान निर्णय. फाइलला नाव कसं द्यायचं, चूक झाली तर वापरणाऱ्याला काय सांगायचं, रद्द केलेली नोंद पुसायची की राखून ठेवायची. यातला प्रत्येक निर्णय वेगवेगळ्या माणसानं अगदी अक्कलहुशारीनं घेतला, तरी सगळे मिळून जे तयार होतं ते वापरणाऱ्याला चकवत राहतं. एका पडद्यावर ‘रद्द करा’ म्हटलं की भरलेलं सगळं पुसलं जातं, दुसऱ्या पडद्यावर तेच बटण नुसतं मागे नेतं. ब्रुक्स म्हणतात तो एकसंधपणा यायचा तर आराखडा एका डोक्यातून, फार तर एकमेकांना चांगलं ओळखणाऱ्या दोन-चार डोक्यांतून यावा लागतो. राज्यकारभारात लोकशाही हवीच. आराखड्यात मात्र सगळ्यांचं ऐकावं आणि ठरवावं एकानं.

मेल्विन कॉन्वे या कंप्युटर शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट दुसऱ्या अंगानं मांडली. त्यांचा लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूनं सिद्धान्त सिद्ध केलेला नाही म्हणून परत पाठवला, मग तो एप्रिल १९६८ मध्ये ‘डेटामेशन’ मासिकात आला. कॉन्वे म्हणतात, संस्थेत कोण कोणाशी बोलतं याची जी रचना असते तिचीच नक्कल त्या संस्थेच्या आराखड्यात उतरते. त्यांनी दिलेलं उदाहरण झकास आहे. एका ठिकाणी आठ माणसांना दोन कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम, करायचे होते, एक कोबोल भाषेचा, एक अल्गोल भाषेचा. कामाचा अंदाज घेऊन पाच जणांना कोबोल दिला, तिघांना अल्गोल. तयार झालेला कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चालायचा आणि अल्गोलचा तीन टप्प्यांत. त्या भाषांमध्ये पाच किंवा तीन असं काहीही नव्हतं. म्हणून माझं म्हणणं असं, की प्रकल्पाची माणसं वाटून देण्याचा तक्ता ज्या दिवशी होतो त्या दिवशी निम्मा आराखडा झालेला असतो. तो तक्ता बहुतेक कंपन्यांत मनुष्यबळ विभाग करतो.

सगळ्यांना सगळं माहीत करून दिलं तर भागेल, असं ब्रुक्सनाही तेव्हा वाटत होतं. ओएस/३६०च्या प्रकल्पात एक वही ठेवली होती. प्रत्येक ठराव, प्रत्येक बदल तिच्यात, आणि तिची प्रत प्रत्येकाकडे. सहा महिन्यांत ती वही पाच फूट जाड झाली. रोज सरासरी दीडशे बदललेली पानं यायची आणि ती प्रत्येकानं आपल्या वहीत जागच्या जागी लावायची. कल्पना करा, सकाळी ऑफिसात आल्यावर पहिला तास नुसती पानं लावण्यात. पुढे पानं बारीक करून फिल्मवर ठेवणारं मायक्रोफिश आलं, पानं लावायचा त्रास वाचला; वाचायचा त्रास तसाच राहिला. १९७२ साली डेव्हिड पारनास या कंप्युटर शास्त्रज्ञांनी नेमकं उलटं सांगितलं: प्रणालीचे भाग असे पाडा की जो निर्णय उद्या बदलण्याची शक्यता आहे तो एकाच भागाच्या पोटात दडलेला राहील आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताही लागायची गरज पडणार नाही. ब्रुक्सना हे आधी पटलं नव्हतं. पुस्तकाला वीस वर्षं झाल्यावर, १९९५च्या आवृत्तीत, त्यांनी सरळ लिहिलं की पारनास बरोबर होते आणि मी चुकलो होतो. असं लिहिणारे लेखक कोणत्याही विषयात थोडेच.

आता अलीकडचं एक उदाहरण, कारण ‘ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट झाली’ असं कोणीतरी म्हणणारच. अमेरिकेच्या एफबीआयला तपासाची कागदी फाइल बंद करून सगळं कंप्युटरवर आणायचं होतं. पहिला प्रयत्न ‘व्हर्च्युअल केस फाइल’. काय काय हवं याची यादीच आठशे पानांवर गेली, वरचे अधिकारी बदलत राहिले, मागण्या बदलत राहिल्या आणि २००५ साली सतरा कोटी डॉलरच्या घरात खर्च होऊन ते काम गुंडाळलं गेलं. मग २००६ मध्ये ‘सेंटिनेल’. नवा कंत्राटदार, पंचेचाळीस कोटी डॉलरच्या आसपास अंदाजपत्रक, चार टप्पे. २०१० पर्यंत बहुतेक पैसे संपत आले, काम मात्र बरंच बाकी होतं. तेव्हा एफबीआयनं काम थांबवलं आणि आपल्या ताब्यात घेतलं. कंत्राटी माणसं सुमारे दोनशेवीस होती, ती चाळीसच्या आसपास आणली. स्वतःचे कर्मचारीही निम्म्याहून कमी केले. दर दोन आठवड्यांनी चालणारं काहीतरी दाखवायचं, असा शिरस्ता पाडला. तरीही काम ठरल्या तारखेला पुरं झालं नाही. २०११च्या सप्टेंबरचा वायदा २०१२च्या जुलैवर गेला. या पद्धतीचे प्रचारक ही दिरंगाई सांगायची टाळतात. पण १ जुलै २०१२ पासून ती प्रणाली चालू झाली, आणि ती पूर्ण केली ती आधीच्या पाचव्या हिश्श्याइतक्या माणसांनी.

अडचणीत सापडलेल्या प्रकल्पातून माणसं कमी करायला छाती लागते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं आणि त्याला कारण आहे. पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद इथला सॉफ्टवेअरचा धंदा ज्या मापावर वाढला ते माप म्हणजे मनुष्यमहिना. परदेशी गिऱ्हाइकाला आपण माणसं पुरवली, महिन्याचा दर लावला, बिल पाठवलं. यात कमीपणा काही नाही. या मापानं लाखो घरांत पहिली चारचाकी आली, हिंजवडीच्या माळावर शहर वसलं, साध्या घरातली मुलं-मुली जग पाहून आली. पण ज्या मापाला ब्रुक्सनी १९७५ साली भ्रामक म्हटलं तेच आपलं विक्रीचं माप झालं. गिऱ्हाइकाला दहा चांगल्या माणसांनी काम लवकर संपवून हवं आहे. पुरवणाऱ्याला शंभर माणसांनी दीर्घकाळ केलेलं परवडतं. काम आटोपशीर झालं तर बिल आटोपशीर होतं.

आयटीत काम करणारे इथे बरेच दिसतात, त्यांना ‘बेंच’ समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. एक प्रकल्प संपला आणि दुसरा मिळाला नाही की माणूस बेंचवर येतो. पगार मिळतो, पण त्याच्या नावावर बिल लागत नाही. दर सोमवारी वरून विचारणा होते, बेंचवर किती? मग कोणत्या तरी प्रकल्पात चार जागा ‘काढल्या’ जातात. नव्यानं कॉलेजातून आलेली पोरं एका अनुभवी माणसाच्या हाताखाली दहा-पंधराच्या संख्येनं दिली जातात, कारण सरासरी दर खाली आला की नफा वर जातो. याला आपल्या जुन्या भाषेत नेमका शब्द आहे, खोगीरभरती. आणि त्या अनुभवी माणसाचा, ज्याच्या डोक्यात सगळा आराखडा होता त्याचा, दिवस पोरांच्या शंका फेडण्यात आणि त्यांनी लिहिलेलं दुरुस्त करण्यात जातो. आराखड्यातला पुढचा निर्णय तो रात्री साडेदहाला, अमेरिकेबरोबरचा कॉल संपल्यावर, पेंगत पेंगत घेतो. आयबीएमच्या त्या बैठकीत दीडशे माणसांच्या प्रमुखानं जो प्रश्न विचारला तो आपण धंद्याची रीत म्हणून स्वीकारला.

मग दीडशे माणसांचं करायचं काय? ब्लाऊ आणि ब्रुक्स यांचं उत्तर असं, की आराखडा पुरा झाल्याशिवाय बांधकामाची माणसं घ्यायची घाई करू नये. आणि घेतली असतील तर त्यांच्यासाठी भरपूर काम असतं. चाचणीसाठी नमुना माहिती तयार करणं, काम सोपं करणारी हत्यारं घडवणं, यंत्राचा वेग आणि मर्यादा मोजून ठेवणं, अवघड वाटणारा एखादा भाग टाकून देण्याच्या बोलीवर बांधून पाहणं. हे सगळं आराखड्याशेजारी चालू शकतं. पण हे काम सादरीकरणाच्या स्लाइडवर दिसत नाही, म्हणून ते कोणी मागत नाही.

दुसरा विषय खबरेचा. हा खरं तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, मी थोडक्यात उरकणार आहे.

दर आठवड्याला प्रकल्पाचा अहवाल वर जातो. त्यात रकाने रंगवलेले असतात: हिरवा म्हणजे सुरळीत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, तांबडा म्हणजे अडलं. मी पाहिलेली एक बैठक सांगतो. भिंतीवर अहवाल, पंचवीसेक रकाने, सगळे हिरवे. पैसे भरण्याचा भाग बँकेच्या यंत्रणेशी जुळत नाही हे तो भाग लिहिणाऱ्या मुलीला दोन आठवड्यांपासून माहीत होतं. तिनं आदल्या संध्याकाळी आपल्या लीडला सांगितलंही. तो म्हणाला, ‘अगं, तांबडं केलंस तर उद्यापासून दिवसातून तीनदा मीटिंग लागेल. पिवळंही नको. हिरवंच ठेव, गुरुवारपर्यंत करून टाकू.’ लीड खोटारडा नव्हता. त्याला तीन मीटिंगांचा धाक होता आणि तो धाक खरा होता. असा अहवाल टीममधून मॅनेजरकडे, तिथून डिलिव्हरी हेडकडे, तिथून गिऱ्हाइकाकडे जातो आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा हिरवा होत जातो. आमच्या धंद्यात त्याला कलिंगड म्हणतात. वरून हिरवं, कापलं की लाल.

ब्रुक्सनी यावर दिलेला तोडगा मला आजही सर्वांत व्यवहारी वाटतो. साहेबानं दोन प्रकारच्या बातम्या वेगळ्या ठेवायच्या. एक, नुसती माहिती म्हणून आलेली. दुसरी, ‘तुम्ही हस्तक्षेप करा’ म्हणून आलेली. पहिलीवर साहेबानं उडी घेतली, फोन फिरवले, तातडीची बैठक बोलावली, की पुढच्या वेळी ती बातमी येत नाही. बैठका सुद्धा वेगळ्या, एक स्थिती पाहण्याची आणि दुसरी अडचण सोडवण्याची. स्थितीच्या बैठकीत साहेबानं तोंड मिटून बसायचं. हे आपल्याकडे किती साहेबांना जमेल याबद्दल मला शंका आहे. आणि टप्पे असे ठरवायचे की त्यांबद्दल स्वतःची फसवणूक करता येणार नाही. ‘कोडिंग नव्वद टक्के झालं’ हे वाक्य कायम खरं असतं, कारण ते तपासता येत नाही. ‘मसुद्यावर सही झाली’, ‘शंभर जणांनी एका वेळी लॉगिन केलं आणि चाललं’ हे एक तर झालं किंवा नाही झालं.

शंभर जणांचं लॉगिन मी उगाच म्हटलं नाही. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत आरोग्य विम्यासाठी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ सुरू झालं. लाखो लोक आले. पहिल्या दिवशी नोंदणी पुरी झाली ती सहा जणांची. कंत्राटदार पन्नासहून जास्त, आणि सगळ्यांची मोट बांधायची ती एका सरकारी विभागानं, ज्याला असल्या कामाचा सराव नव्हता. शुद्ध बारभाई कारभार. त्यातच उशिरा असा निर्णय झाला की विम्याच्या योजना नुसत्या पाहायच्या असतील तरी आधी खातं उघडावं लागेल, त्यामुळे सगळी गर्दी एकाच दरवाज्यात अडली. सुरू होण्याआधी काही दिवस केलेल्या चाचणीत काहीशे माणसांच्या भारानंच यंत्रणा बसली होती. त्या वर्षीच्या वसंतात बाहेरच्या सल्लागारांनी धोक्याची सूचना लेखी दिली होती. म्हणजे खबर होती. तारीख मात्र पुढे ढकलली गेली नाही.

सावरलं कसं तेही सांगायला हवं. गूगलमधून रजा घेऊन आलेले मिकी डिकरसन आणि इतर काही जण तिथे जाऊन बसले. पाहतात तो यंत्रणा कशी चालली आहे हे एका जागी दाखवणारा साधा फलकही नाही. तो आधी केला. दिवसातून दोनदा उभ्यानं बैठक. डिकरसन यांनी भिंतीवर नियम लावले, त्यांचा आशय असा: ही खोली अडचणी सोडवण्यासाठी आहे, खापर फोडायला इतर जागा पुष्कळ आहेत. बोलायचं ते ज्याला त्या अडचणीची सर्वांत जास्त माहिती आहे त्यानं, सर्वांत मोठ्या हुद्द्याच्या माणसानं नव्हे. डिसेंबरच्या सुरुवातीला तेच संकेतस्थळ बहुतेक लोकांसाठी चालू लागलं. कंत्राटदार बरेचसे तेच होते, कोडही बरंचसं तेच.

आपल्याकडे सगळंच फसलं असं समजू नका. रेल्वेचं आरक्षण घ्या. या सभागृहातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, मुंबईहून जाताना परतीचं आरक्षण हवं असेल तर तार करावी लागायची आणि ते मिळालं की नाही हे बऱ्याचदा तिकडे पोचल्यावरच कळायचं. सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत आरक्षण कंप्युटरवर आणलं. देशभर एकदम नाही, एका शहरात. मग मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद. प्रत्येक ठिकाणची यंत्रणा आधी आपापल्या पायावर उभी राहिली. त्यानंतर रेल्वेच्या क्रिस या संस्थेनं ही पाच केंद्रं जोडणारी प्रणाली केली आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रं एकमेकांशी बोलू लागली. इंटरनेटवर तिकीट मिळायला २००२ उजाडलं. हा वेग कोणाला धिमा वाटेल. पण सवलती, कोटे, प्रतीक्षा यादी, गाडीच्या मधल्या स्थानकांवरचे हिशेब, हा सगळा किचकट व्यवहार एका शहरात खिडकीवरच्या कारकुनांच्या हाताखाली घासून निघाला, मग पुढच्या शहरात गेला. प्रकल्प लहान सुरू करून वाढू द्यावा, हे ब्रुक्सनीही पुढे आग्रहानं सांगितलं. रेल्वेच्या अभियंत्यांना ते पुस्तकातून कळलं की गरजेतून, कोण जाणे. केलं मात्र त्यांनी तसंच.

हल्ली मला हमखास विचारतात, आता एआय कोड लिहितो, मग या जुन्या गोष्टींचं काय? १९८६ साली ब्रुक्सनी एका निबंधात फरक केला होता: प्रोग्राम लिहिण्यातल्या काही अडचणी साधनांच्या असतात, त्या चांगल्या साधनांनी सुटतात, आणि काही मुळातल्या असतात, म्हणजे नेमकं काय हवं आहे हे ठरवण्याच्या. नव्या यंत्रांनी पहिल्या प्रकारचं काम झपाट्यानं स्वस्त केलं आहे, यात वाद नाही. त्यामुळे उलट असं होईल की आराखडा अर्धवट असताना दीडशे नव्हे, दीड हजार माणसांइतका कोड एका आठवड्यात जमा होईल. तो वाचून त्यात एकसंधपणा आहे की नाही हे सांगणारी दहा चांगली माणसं तेव्हाही लागतील, आणि ती आज घडवली नाहीत तर तेव्हा मिळणार नाहीत. नवख्या पोरांची भरती न करणाऱ्या कंपन्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना नाही, विकत घेणाऱ्यांना आहे. सहकारी बँकांचे संचालक इथे आहेत, महापालिकेतले दोघे-तिघे ओळखीचे चेहरे दिसतात, विद्यापीठातली मंडळी आहेत. तुमच्या निविदांमध्ये कंपनीची उलाढाल किती, कर्मचारी किती, या कामावर किमान किती अभियंते लावणार, याला गुण असतात. जितकी माणसं जास्त तितके गुण जास्त. मग पुरवठादार माणसं दाखवतो, त्याचा दोष नाही. त्याऐवजी आराखडा कोण करणार त्याचं नाव मागा, त्या माणसाशी तुमच्या खिडकीवरच्या कारकुनाला दोन दिवस बसू द्या, आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय तो माणूस बदलता येणार नाही अशी अट घाला. पहिला हप्ता एका शाखेत, एका वॉर्डात चालू झालेल्या कामाचा द्या. पुढच्या निविदेचा मसुदा समितीपुढे येईल तेव्हा किमान मनुष्यबळाचा रकाना तुमच्या हातानं खोडा.